पाहुण्या वक्त्याचे मत कसे पारखावे: नाशिकच्या संयोजकांसाठी

परदेशातील एखादे पर्यावरण-अभ्यासक नाशिकला येऊन, शाश्वत विकासाच्या आव्हानांसाठी भारत कितपत सज्ज आहे याविषयी बोलणार असतील, तर संयोजकांनी व्याख्यानाच्या आदल्या दिवशी त्यांना जिल्ह्यात हिंडवावे, कारण केवळ सभागृह आणि विश्रामगृह पाहिलेला पाहुणा सरकारी घोषणांवरूनच देशाचे माप काढतो.

सकाळी रामकुंड दाखवावे आणि गोदावरीच्या पात्रातील काँक्रीट काढून जिवंत झरे मोकळे करण्याची नागरिकांची मागणी समजावून सांगावी. उरलेला बहुतेक वेळ दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पासाठी राखावा. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा २००५ मध्ये झाला. त्याच्या बऱ्याच आधीपासून या प्रकल्पावरील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापून कालव्याचे पाणी मोजून घेण्याची, त्याचे वाटप करण्याची आणि पाणीपट्टी वसूल करण्याची जबाबदारी उचलली होती. माझ्या मते सज्जतेचा याहून भक्कम पुरावा जिल्ह्यात नाही, म्हणून पाहुण्यांना संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी निवांत बोलू द्यावे आणि टंचाईच्या वर्षी पाण्याची पाळी कशी ठरते, हे त्यांच्याच तोंडून ऐकवावे. परतल्यावर एकलहरे येथील कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र बाहेरून दाखवले तरी पुरे.

व्याख्यान ऐकताना प्रत्येक विधान वचन, उभारलेली क्षमता आणि प्रत्यक्ष परिणाम यांपैकी कशाबद्दल आहे, याची नोंद करावी. उदाहरणार्थ, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जेवढे हरितगृह वायू हवेत सोडले तेवढेच शोषले जाणे, हे भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत दिलेले वचन आहे. स्थापित वीजक्षमतेतील सुमारे ५० टक्के वाटा २०३० पर्यंत जीवाश्मेतर स्रोतांचा असावा, हे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठल्याचे सरकारने जाहीर केले, ही क्षमतेची गोष्ट झाली. सौर प्रकल्प रात्री वीज देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात निर्माण होणाऱ्या विजेत निम्म्याहून अधिक वाटा अजूनही कोळशाचाच आहे. वक्त्यांनी क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांची गल्लत केली, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी ती आदराने परंतु स्पष्टपणे निदर्शनास आणावी.

वृत्तान्त लिहिताना वक्त्यांनी स्वतः पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले आणि त्यावरून अनुमानलेले वेगवेगळे नोंदवावे व मसुदा त्यांना दाखवावा. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न वाघाडच्या शेतकऱ्याला मराठीतूनच विचारू द्यावा आणि दुभाष्याने त्यात काटछाट न करता तो पूर्ण सांगावा.