माल परत आणायची तयारी ठेवूनच यार्डात जा

बाजार समितीच्या यार्डात मालाचा ढेर ओतला की अर्धा सौदा तिथंच होऊन जातो. पोती रिकामी झालेली, ट्रॅक्टरवाला भाड्यासाठी थांबलेला, ऊन कललेलं. मग हर्रासात, म्हणजे लिलावात, जो आकडा निघेल त्याला मान हलवावी लागते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या पुष्कळ कास्तकारांचं असंच होतं आणि बरीच वर्षं माझंही झालं. आता सोयाबीन आणि तूर विकताना मी काय काय करतो ते लिहून ठेवतो. कोणाच्या कामी पडलं तर बरं.

आधी बाबांचं सांगतो, कारण माझी सगळी खटपट तिथून सुरू झाली. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस त्या योजनेतच द्यायचा, दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. मी नववीत असताना बाबांसोबत बैलबंडीवर बसून संकलन केंद्रावर गेलो होतो. तीन रात्री रांगेत गेल्या. बैलांसाठी नेलेला कडबा दुसऱ्याच दिवशी संपला. चौथ्या दिवशी प्रतवारी करणाऱ्यानं बंडीतून मूठभर कापूस उपसला, बोटांनी ताणून पाहिला आणि एक ग्रेड खालचा सांगितला. बाबा काही बोलले नाहीत. बोलून तो कापूस नेणार कुठं? पैसेही हप्त्याहप्त्यानं यायचे. पांढरकवड्याकडचे लोक रात्री-बेरात्री आंध्रात कापूस नेत. सापडले की गुन्हा. स्वतः पिकवलेला माल माणसानं चोरून न्यावा, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्या योजनेनं काही वर्षं भावाला आधार दिला, हेही खरं आहे. गावातले म्हातारे ते विसरलेले नाहीत. पण 'नाही देत' म्हणायची सोय नव्हती.

२००२ च्या सुमारास कापसात खासगी खरेदीला वाट मिळाली. पुढं बाजार समितीच्या कायद्यात बदल होऊन खासगी बाजार आणि थेट पणनाचे, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट खरेदीचे, परवाने आले. कागदावर आज मला चार-पाच गिऱ्हाइकं आहेत. तरी ओला, मातीकाडीचा माल घेऊन सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याच्या आदल्या दिवशी यार्डात उभा राहिलो, तर बाबांत आणि माझ्यात फरक राहत नाही. म्हणून 'नाही' म्हणायची ताकद घरूनच बांधून न्यावी लागते.

ओलावा घरी मोजा

माझे सगळ्यात जास्त पैसे ओलाव्यात गेले. व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, दोन दाणे दाताखाली फोडतो आणि सांगतो, “ओल हाये भाऊ, सोळाच्या खाली नाई.” तीन वर्षांपूर्वी असंच झालं. मी घरून स्टीलच्या डब्यात नमुना नेला होता, तो आधीच वखारीतल्या ओलावा मोजायच्या मशीनवर पाहून घेतला होता: १२.४ टक्के. मी म्हणालो, तुमची मशीन आणा. मशीन आली, आकडा १२.६ निघाला, आणि भाव क्विंटलमागे १८० रुपयांनी वर गेला. माल तोच होता.

नमुना घेताना एकाच पोत्याच्या तोंडाशी घेऊ नका. पाच-सहा पोत्यांतून, वरून आणि तळातून थोडं थोडं काढा, एकत्र करा, डबा काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. उन्हातून उचललेला गरम दाणा मशीनवर ठेवला की आकडा चुकतो. सावलीत निवू द्या. आमच्या गावात सहा जणांनी वर्गणी काढून एक ओलावामापक घेतला. त्याचे पैसे पहिल्याच हंगामात निघाले.

वाळवायचं की ओलंच विकायचं, हा हिशोब मात्र भावनेनं करू नका. एक क्विंटल सोयाबीन १६ टक्के ओलाव्याचं असेल तर त्यात ८४ किलो कोरडा माल आहे. तेच १२ टक्क्यांवर आणलं की वजन साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास भरतं. म्हणजे साडेचार किलो पाणी उडालं. आता ओल्याला ३,९०० आणि वाळलेल्याला ४,३०० असा भाव असेल, तर वाळवून त्याच क्विंटलचे ४,१०० च्या थोडं वर हातात येतात. दोनशे रुपये फायदा. त्यातून दोन दिवसांची मजुरी वजा करा. फरक दीडशेचाच असेल तर ओलं देऊन मोकळं व्हा. तिथं वाळवण्यात तोटा आहे.

वाळवताना ताडपत्री घाला. डांबरी रस्त्यावर किंवा उघड्या खळ्यावर पसरलेल्या सोयाबीनमध्ये खडे येतात आणि मग मातीकाडीची कपात वेगळी लागते. भरण्याआधी एकदा चाळणी मारा. तुरीचं तर चाळणीशिवाय घराबाहेर काढूच नका. अकोल्याच्या दालमिलसाठी घेणारा फुटका दाणा लगेच ओळखतो.

भाव हातात किती, ते विचारा

दारव्हा, दिग्रस, कारंजा, यवतमाळ: मी चारही ठिकाणी ओळखीच्या अडत्याला, म्हणजे यार्डातल्या दलालाला, सकाळी फोन करतो. जास्तीत जास्त भाव विचारत नाही, कारण तो दोन-चार पोत्यांनाच निघालेला असतो. कालच्या हर्रासात जास्त माल कोणत्या भावानं गेला ते विचारतो. मग कागदावर मांडतो. मागच्या हंगामातलं माझंच उदाहरण: गावात घेणारा ४,०५० म्हणत होता, यार्डात ४,२५० होता. ट्रॅक्टर क्विंटलमागे ६० आणि हमाली-तोलाई २५ रुपये. हातात ४,१६५. वीस क्विंटलमागे २,३०० रुपयांचा फरक, म्हणून गेलो. फरक पन्नासच्या आत असता तर गेलो नसतो. एक दिवस मोडतो त्यालाही किंमत आहे.

यार्डात पोचल्यावर सगळी पोती ओतू नका. एक-दोन फोडून नमुना दाखवा, मग ढेर करा. समितीत ओतल्याशिवाय हर्रास होत नसेल तर निम्मा माल घरी ठेवून जा. अडत्या म्हणेल, “उद्या पडन भाव, मंग म्हणसान सांगतलं नाही.” पडेलही. तरी ठरवलेल्या आकड्याखाली मान हलवू नका आणि परतीचं भाडं आधीच ट्रॅक्टरवाल्याशी बोलून ठेवा. मी दोनदा पोती परत आणली आहेत. एकदा पुढच्या आठवड्यात ११० रुपये जास्त मिळाले, एकदा तीस कमी.

काट्यावर स्वतः उभं राहा. वैधमापनचा चालू वर्षाचा शिक्का आहे का पाहा, पोतं ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का पाहा. घरी दोन पोती मोजून त्यांना लाल सुतळी बांधून नेली की काटा खरा की खोटा ते तिथंच कळतं. 'कडता' म्हणून क्विंटलमागे किलोभर कापायला लागले तर हटका. वीस क्विंटलला वीस किलो, ४,२०० च्या भावानं ८४० रुपये. बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन जाणं वेगळं, कडता वेगळा. समितीचा सेस (बाजार फी) खरेदीदारानं भरायचा असतो, तो आपल्या हिशोबपट्टीत दिसला तर विचारा. हिशोबपट्टी पक्की घ्या. कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा तक्रारीच्या वेळी कोणी मानत नाही. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, चोवीस तासांत व्हायला हवा. नाही झाला तर समितीच्या सचिवाकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि तिथं दाद नसेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जा.

हमीभाव केंद्र

सरकारनं ठरवलेल्या हमीभावानं इथं खरेदी होते. इथं जायचं तर जूनपासून तयारी लागते. पेरणी झाली की ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, स्वतः मोबाइलवर करा. सातबाऱ्यावर पेरा नसेल तर नोंदणी होत नाही. आधार, पासबुक, सातबारा जुळवून ठेवा आणि नोंदणी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात करा. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ती १५ पर्यंत सैल केली, पण ते नोव्हेंबरच्या मध्यावर, तोवर गरजूंनी माल विकलेला होता. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता आणि यार्डात चार-सव्वाचार हजार. २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला, तुरीचा ८,०००. फरक मोठा असतो म्हणून मी नोंदणी करतोच. पण एका केंद्रावर बारदाना नाही म्हणून माझी तारीख तीनदा पुढं गेली, आणि पैसे खात्यात यायला महिना लागला. मुलीच्या कॉलेजची फी भरायची तारीख मात्र पुढं गेली नाही. सगळा माल केंद्राच्या भरवशावर ठेवू नका.

तारण

ज्याला पैशांची घाई आहे आणि भाव पडलेला आहे, त्यानं बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी. पणन मंडळाची ही योजना १९९० पासून आहे आणि आमच्याकडं अजून निम्म्यांना माहीत नाही. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, चालू किमतीच्या ७५ टक्के रक्कम मिळते, सहा महिन्यांपर्यंत सहा टक्के वार्षिक व्याज. वीस क्विंटल सोयाबीन, ४,२०० भाव, म्हणजे ८४,००० चा माल; हातात ६३,०००. चार महिन्यांचं व्याज १,२६०, क्विंटलला ६३ रुपये. हमाली धरून भाव शंभरानं तरी चढेल असं वाटत असेल तरच ठेवा. प्रत्येक समिती ती राबवतेच असं नाही. तुमची राबवत नसेल तर गावातले दहा जण मिळून सचिवाला अर्ज द्या. आम्ही दिला होता, दुसऱ्या वर्षी गोदाम उघडलं.

गावात येऊन घेणाऱ्याबद्दल एवढंच, की परवाना पाहा आणि पैसे आल्याशिवाय पोतं उचलू देऊ नका. शेजाऱ्यानं अकरा क्विंटल तूर चेकवर दिली. चेक परत आला तेव्हा त्या माणसाचा फोन बंद होता, पट्टी नव्हती, आणि समितीनं हात वर केले, कारण सौदा समितीत झालाच नव्हता.

निघताना माझ्या पिशवीत नमुन्याचा डबा, हिशोबाची वही, आधारची झेरॉक्स, दोन मोजलेल्या पोत्यांची वजनं लिहिलेली चिठ्ठी आणि परत यायची वेळ आली तर पोती शिवायला दाभण आणि सुतळी असते.