इंदुरात मराठी घरांचा सर्व्हे करायचाय? आधी यादीचं बघा

गणपती जवळ आले की कुठल्या ना कुठल्या मंडळात विषय निघतोच, की इंदूरच्या मराठी घरांमध्ये मुलांशी मराठी बोलतात का याचा एक सर्व्हे करू, आणि लगेच सगळे प्रश्न लिहायला बसतात, फॉर्म तयार होतो, लिंक वॉट्सॲपवर फिरते. प्रश्न नंतर लिहा हो. आधी घरं कशातून निवडणार ते ठरवा. ज्या यादीतून नंबर काढायचे तिला सॅम्पलिंग फ्रेम म्हणतात, आणि जे घर त्या यादीतच नाही त्याला तुमच्या सर्व्हेत यायचा चान्सच नाही.

पहिले कागदावर लिहा, "इंदूरची मराठी घरं" म्हणजे नक्की कोण. नगर निगमचे 85 वॉर्ड एवढंच, की राऊ आणि महूपण? भंवरकुआंला कोचिंगसाठी खोली घेऊन राहणारी खानदेशातली मुलं धरायची का? आई मराठी, वडील माळवी बोलणारे, असं घर? काहीही ठरवा पण ठरवा, नाहीतर दारात उभा असलेला प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवेल. घर कशाला म्हणायचं तेही लिहा. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, तेच घ्या, जुन्या वाड्यात एका नंबरावर तीन चुली असतात तिथे हे कामी येतं.

आता याद्या. मंडळाची सभासद यादी, वर्गणीची वही, ग्रुपमधले नंबर हे हाताशी असतात म्हणून सगळे तेच घेतात, आणि या विषयाला नेमकी तीच यादी सगळ्यात वाईट, कारण जो मंडळात येतो तोच घरी मराठी बोलत असायची शक्यता जास्त. हिशोब करून बघा. समजा 100 मराठी घरांपैकी 60 यादीत आहेत आणि त्यातली 80 टक्के मुलांशी मराठी बोलतात, यादीबाहेरच्या 40 घरांत मात्र 30 टक्केच. खरा आकडा 48 अधिक 12, म्हणजे 60 टक्के, आणि तुमचा सर्व्हे सांगणार 80. बाहेर राहिलेल्यांचा वाटा 0.4, दोघांतला फरक 50, गुणाकार 20, एवढी चूक. 100 घरं विचारा की 1000, ती कमी होत नाही. 400 नमुन्याला साधारण 5 टक्के इकडेतिकडे असं जे सांगतात ते नंबर काढण्यातल्या योगायोगाचं माप आहे, यादीतल्या भोकांचं नाही. अमेरिकेत 1936 मध्ये लिटररी डायजेस्ट मासिकवाल्यांनी निवडणुकीआधी टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदी अशा याद्यांतून पत्ते काढून सुमारे 1 कोटी लोकांना कार्डं पाठवली, 20 लाखांच्या वर उत्तरं आली, त्यावरून लँडन जिंकणार म्हणून छापलं, आणि रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले. उत्तर न देणारेही खूप होते, पण यादीतच मुळात फोन-मोटारवाले, म्हणजे पैसेवाले, जास्त.

मग काय घ्यायचं? समग्र आयडीची, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाची, नोंद कुटुंबवार असते, पण ती यादी आपल्याला मिळत नाही. मतदार यादी मिळते, बूथवार, निवडणूक आयोगाच्या साइटवर पीडीएफ असते. पण ती माणसांची यादी आहे, घरांची नाही. तिच्यातून सरळ नावं उचलली तर सहा मतदार असलेल्या घराला एका मतदारवाल्या घराच्या सहापट चान्स, म्हणून आधी मकान नंबर लावून घरांची यादी करा. शिवाय निपानिया, महालक्ष्मी नगर, बायपासच्या टाउनशिपमध्ये भाड्याने राहणाऱ्या पुष्कळ जणांचं मत अजून पुण्या-नागपुरातच आहे, ते इथे दिसणारच नाहीत.

आणि आडनावावरून मराठी घरं छाटायचा मोह आवरा, हे मी फार कळकळीने सांगतो. जोशी गुजराती असतात, पवार माळव्यातले राजपूतही असतात, हिंदीत टाइप झालेल्या यादीत काळेंचं काले झालेलं असतं, आणि आपली लग्न होऊन दुसऱ्या समाजात गेलेली मुलगी, जिच्या घरी मराठी टिकते की नाही हाच तर खरा प्रश्न आहे, ती आडनावाने पहिल्या झटक्यात गळते. भाषा दारात विचारा, तीच गाळणी.

मला विचाराल तर यादी सोडून जागा निवडा. सरकारचा नमुना सर्वेक्षण विभाग 1950 पासून हे काम करतोय, शहरात ते आधी ठळक हद्दीचे छोटे ब्लॉक पाडतात, काही ब्लॉक निवडतात, तिथे जाऊन सगळ्या घरांची ताजी यादी करतात आणि मग त्यातून घरं काढतात. तुम्ही ब्लॉकच्या जागी एकेका मतदान बूथखाली येणारा भाग घ्या. दोन गठ्ठे करा, एकात राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबागसारखे मराठी वस्तीचे बूथ, दुसऱ्यात उरलेलं सगळं शहर. पहिल्यातून दर 10 बूथांमागे 1, दुसऱ्यातून दर 50 मागे 1, चिठ्ठ्या टाकून. दुसरा गठ्ठा सोडायचा नाही, तिथे चाळीस दारं ठोठावल्यावर एखादं मराठी घर मिळेल, कंटाळा येईल, पण मंडळाच्या यादीत नसलेली घरं तिथेच आहेत. हिशोबात पहिल्यातल्या घराला वजन 10, म्हणजे ते एक घर 10 घरांच्या जागी मोजायचं, दुसऱ्यातल्याला 50, आणि बूथातलीही सगळी मराठी घरं न घेता निम्मी घेतली तर ते वजन दुप्पट. शेजारीशेजारी एकसारखे असतात म्हणून 10 बूथांत 40-40 घरांपेक्षा 40 बूथांत 10-10 घरं बरी.

बूथात मराठी घरांची यादी झाली आणि 60 घरांतून 10 हवी असतील तर 1 ते 6 मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, मग तिथून दर सहावं घर. घर बंद असेल तर शेजारच्या काकूंना विचारून भागवू नका, संध्याकाळी जा, रविवारी जा, नाहीतर दिवसा घरी असणारेच तुमच्या सर्व्हेत भरतील. निवडलेलं घर आणि यादीतलं पुढचं घर यांच्या मधे सुटलेलं एखादं मराठी घर सापडलं, वरचा नवा मजला वगैरे, तर तेही घ्या. एका घरातून एकाच माणसाला विचारायचं असेल तर ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला त्याला, दार उघडणाऱ्याला नाही.

निकाल छापताना टक्क्यांच्या शेजारीच लिहा की कुठल्या तारखेची बूथ यादी, किती बूथ, किती दारं बंद राहिली, कुठल्या टाउनशिपच्या गार्डने आत सोडलं नाही. नावं-फोन उत्तरांपासून वेगळ्या वहीत ठेवा आणि ती वही ग्रुपवर टाकू नका.