थायरॉईडची गोळी चालू आहे तरी केस गळायलेत? मग आधी हे बघा

आमच्या लातूरकडं चार बायका जमल्या की एक तरी म्हणतेच, गोळी चालू करून दोन महिने झाले, केस अजून गळायलेतच, डॉक्टर बदलू का गोळी बदलू. मला स्वतःला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन कमी पडतं, रोज सकाळी गोळी घेते, त्यामुळं हा प्रश्न कानावर पडला की मला राहवत नाही. मी डॉक्टर नाही, तुम्हाला किती पॉवरची गोळी लागेल ते सांगणार नाही, ते काम तुमच्या डॉक्टरचंच. पण एक गोष्ट जीव तोडून सांगते, कंगव्यात किती केस आले ते बघून गोळी कमी-जास्त किंवा बंद करू नका, ते तारखा बघून आणि रिपोर्ट बघून ठरवायचं असतं. कसं ते खाली लिहिते.

आधी केसाचं गणित समजून घ्या. डोक्यावरचा एक केस साधारण 2 ते 6 वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता थांबून राहतो आणि मग गळतो. रोज 50 ते 100 केस सगळ्यांचेच जातात. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं किंवा जास्त झालं की एकदम भरपूर केस वाढायचे थांबतात, पण ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे आज जे केस हातात येतायत त्यांचं कारण आजचं नाही, दोन-तीन महिन्यांमागचं आहे. उलट्या बाजूनंही हेच, आज टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी गळणं लगेच थांबत नाही, कमी व्हायला काही महिने जातात आणि केस तर महिन्याला एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, मग वेणी पहिल्यासारखी जाड दिसायला सहा महिने ते वर्षभर धरूनच चाला. गोळी चालू केल्यावर पहिले काही महिने थोडे केस जास्त गळू शकतात, ते तात्पुरतं असतं. पण नेमकी इथंच बायका गोळी सोडतात, आणि हार्मोन परत घसरलं की परत दोन-तीन महिन्यांनी नवा झटका.

म्हणून पहिलं काम तारखा लिहायचं. वही नको, ॲप नको, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पुरे. आमच्या जाऊबाई दुधाच्या हिशोबाच्या शेजारीच लाल पेनानं लिहितात, "50 ची बंद, 75 ची चालू" (हे आकडे गोळीच्या पॉवरचे, मायक्रोग्रॅममध्ये), पुढं "रक्त दिलं", "टीएसएच इतका". त्यांचे केस लई गळायला लागले तेव्हा सगळ्यांनी 75 च्या गोळीवर खापर फोडलं. दिवाळीच्या साफसफाईत झाडूला केसांचे गुंतेच्या गुंते निघायचे. मग कॅलेंडरची पानं मागं उलटली तर नागपंचमीच्या आठवड्यात त्यांना टायफॉईड झालेला, सलाईन लागलेली, आणि डोस बदलला होता त्याच्याही नंतर. नागपंचमी ते दिवाळी, हिशोब बरोबर बसतो. तापानं, ऑपरेशननं, बाळंतपणानं, एकदम वजन उतरवल्यानं अगदी असेच केस जातात. तारखा नसत्या तर गोळी उगाच बदनाम झाली असती.

दुसरं, कसले केस गळतायत ते बघा. गळालेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो मुळातून आलाय. ठिपका नाही, तुकडाच आहे, तर तो मधनंच तुटलाय. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, उन्हाळ्यात टँकरचं कुठलं येईल ते येईल, त्यानं केस राठ होऊन तुटतात हे खरं, पण मुळातून गळायचं कारण बहुतेक वेळा शरीरात असतं. थायरॉईडमुळं गळतात ते सगळ्या डोक्यावरनं सारखे विरळ होतात, आणि हार्मोन बरंच कमी असेल तर भुवईचा बाहेरच्या टोकाचा भाग पण विरळ होऊ शकतो. गोल-गोल चट्टे पडून गुळगुळीत टक्कल दिसत असेल तर ती चाई, ती थायरॉईडवाल्यांना जास्त होते पण तिचा इलाज वेगळा, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, लसूण घासत बसू नका. नुसता भांग रुंद होत चाललाय, सोबत पाळी अनियमित, हनुवटीवर केस, तर पीसीओएस (बीजकोश आणि हार्मोनचा त्रास) बघावं लागतं.

आता गोळी घ्यायची पद्धत, आणि इथं मी जास्त वेळ घेणार कारण निम्मा घोळ इथंच असतो. आमची एक मावशी म्हणायची, "अगं मी तर उपाशीपोटीच घेते की, चहाच्या संगं." चहाच्या संगं घेतली म्हणजे उपाशीपोटी झालं नाही. गोळी साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा ते एक तास चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, बिस्कीट नाही. सोपं करायचं तर उशाला तांब्या असतोच आपल्याकडं, रात्री झोपतानाच गोळीची डबी त्याच्याजवळ ठेवा (लेकरं लहान असतील तर उंचावर), डोळे उघडले की गोळी, मग अंगण झाडा, आंघोळ करा, पूजा करा, तोवर चहाची वेळ होते.

ॲसिडिटीची गोळी पण सकाळी उपाशीपोटीच सांगतात, म्हणून लोकं दोन्ही एकदमच तोंडात टाकतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी पोटातलं ॲसिड कमी होतं आणि थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. महिनोन्‌महिने ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर थायरॉईडच्या डॉक्टरला आवर्जून सांगा, कधीकधी डोस त्यामुळंच वाढवत न्यावा लागतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. कॅल्शियम, आयर्न, जेलुसिलसारखं पातळ ॲंटासिड, मल्टिव्हिटॅमिन यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत 4 तासांचं अंतर ठेवा. आशाताई गरोदर बाईला लाल गोळ्या देतात त्या आयर्नच्याच, त्या दुपारी नाहीतर रात्री घ्या.

आपण सोयाबीनच्या मुलखातले, बरेचजण दळणातच सोयाबीन टाकतात, वड्यांची भाजी होते. सोयानं गोळी कमी शोषली जाऊ शकते. सोयाबीन बंद करा असं नाही म्हणत मी, फक्त सकाळी गोळीच्या मागोमाग नको आणि एक दिवस भरपूर, मग महिनाभर काहीच नाही असं पण नको. कोबी-फ्लॉवर शिजवून बेतानं खाल्ला तर काही होत नाही, त्याची भीती विनाकारण पसरलीय.

डबी कुठं ठेवता ते बघा. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, पत्र्याच्या घरात तर आत भट्टी असते. ही गोळी उष्णतेनं, ओलीनं आणि उजेडानं खराब होते. खिडकीत नको, गॅसजवळ नको, गाडीच्या डिकीत नको, माठाशेजारी पण नको. आतल्या खोलीतलं कपाट, आणि डबीचं झाकण घट्ट. मेडिकलमधून आणताना आकडा वाचा, 12.5 आणि 125 दोन्ही पॉवर मिळतात, टिंब दिसलं नाही तर दहापट फरक. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स या सगळ्यात औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन, पण शक्यतो जी कंपनी चालू आहे तीच ठेवा, बदलावीच लागली तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच परत तपासून घ्या.

उपवासाला गोळी चालते, पाण्यासोबतच तर घ्यायचीय. रमजानमध्ये सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी किंवा रात्री जेवण होऊन 3 तास उलटल्यावर, यातलं कोणतं जमतंय ते डॉक्टरशी बोलून आधीच ठरवा. एखाद्या दिवशी राहिली तर घाबरू नका, हे औषध अंगातनं हळूहळू कमी होतं, निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. पण आठवड्यात दोन-तीनदा राहत असेल तर रिपोर्ट नीट येणार नाही आणि डॉक्टर डोस वाढवून बसतील.

त्याच कारणानं डोस बदलल्यावर 15 दिवसात रक्त तपासू नका, पैसे वाया. 6 ते 8 आठवडे जाऊ द्या. शक्यतो एकाच लॅबमध्ये, सकाळी, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी. टीएसएचचं उलटं असतं हे पक्कं करा, टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडतंय. लॅबची रेंज साधारण 0.4 ते 4 च्या आसपास छापलेली असते, वयानुसार आणि गरोदरपणात डॉक्टर वेगळं बघतात. टीएसएच एकदम तळाला गेला, छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही, घाम, तर डोस जास्त होत असेल, आणि जास्त डोसनं पण केस गळतात! "केस गळायलेत म्हणून अजून 25 वाढवू" असं स्वतःच्या मनानं करणारे इथंच फसतात, शिवाय हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात ते वेगळंच. शेजारणीच्या डोसशी तुलना पण नको. थायरॉईड पूर्ण बंद पडलेल्याला किलोमागं 1.6 मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे 60 किलोला साधारण 100, पण वय झालेल्यांना, हार्टवाल्यांना 12.5 किंवा 25 वरून हळूहळू चढवतात.

आणि ते केसांचं बायोटिन. केस गळायला लागले की पहिली खरेदी तीच होते. दिवसाला 30 मायक्रोग्रॅम लागतं, केसांच्या गोळ्यांत 5-10 हजार मायक्रोग्रॅम असतं. एवढ्या बायोटिननं काही मशीनवर रिपोर्ट चुकीचा येतो, टीएसएच खोटा कमी आणि टी3-टी4 (थायरॉईडची हार्मोनं) खोटे जास्त. मग चांगला चाललेला डोस कमी होतो आणि केस अजून जातात. रक्त द्यायच्या किमान 2 दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

टीएसएच बरोबर येऊन तीन-चार महिने झाले तरी गळणं तसंच असेल तर एकट्या थायरॉईडला दोष देणं सोडा. सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी), फेरिटिन, बी12, व्हिटॅमिन डी करून घ्या. फेरिटिन म्हणजे साठवलेलं लोह, हिमोग्लोबिन बरं दिसत असलं तरी हे रिकामं असू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमियात निघाल्या, त्यात पाळीला जास्त जाणं हे थायरॉईड कमी पडल्याचं पण लक्षण, म्हणजे दोन्ही एकात एक गुंतलेलं असतं. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस जाणं कॉमन आहे, पण पहिल्या वर्षात थायरॉईड पण बिघडू शकतं, तेव्हा सगळं "बाळंतपणामुळं" म्हणून सोडू नका.

मनानं सेलेनियम, आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका. 2025 च्या जानेवारीत विदर्भातल्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यात, गावंच्या गावं केस गळून हैराण झाली आणि सेलेनियमचं नाव पुढं आलं ते आठवत असेल, जास्त सेलेनियमनं केस गळतात हे डॉक्टर लोकांना आधीपासून माहीत आहे. साधं आयोडीनवालं मीठ पुरे.

दवाखान्यात जाताना जुने सगळे रिपोर्ट, कॅलेंडरवरच्या तारखा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि भांगाचा महिन्याला एक फोटो घेऊन जा, तोच आरसा, तोच उजेड. संभाजीनगरचा घाटी दवाखाना, अंबाजोगाईचा स्वाराती दवाखाना, लातूर-नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं, सगळीकडं मेडिसिनची आणि स्किनची ओपीडी आहे. "केस गळतात" एवढंच सांगू नका, कधीपासून, मुळातून का तुटून, डोस कधी बदलला, ताप कधी आला ते सांगा. मिनॉक्सिडिल (केस उगवायला डोक्याला लावायचं औषध) लावायचं का ते पण तिथंच विचारा, गरोदर किंवा अंगावर पाजणारी असाल तर विचारल्याशिवाय लावूच नका. आणि दिवस गेलेत असं कळलं तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरला फोन करा, गरोदरपणात डोस बऱ्याचदा पाव हिश्शानं किंवा त्याहून थोडा जास्त वाढवावा लागतो आणि तो सुरुवातीलाच लागतो.