अंगणातील शेकोटी बांधताना या चुका टाळा

दिवाळी सरली, की निफाड, नाशिक, जुन्नर या पट्ट्यात थंडीचा कडाका जाणवू लागतो; निफाडचा पारा तर काही हिवाळ्यांत 5 अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी परसात कायमची शेकोटी बांधून घ्यावी, असे अनेकांना वाटते. काम अवघड नाही. आतून सुमारे 3 फूट व्यासाचा, फूटभर खोल खड्डा आणि त्याभोवती दगड-विटांचे कडे, एवढेच ते असते. तरीही पहिल्याच हंगामात कडे तडकते, धुराने डोळे चुरचुरतात किंवा खड्ड्यात पाणी साचते. या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच कारणे सापडतात: कुठेतरी अडकून राहिलेला ओलावा आणि विस्तवाला न मिळालेली हवा.

सर्वांत धोकादायक चूक दगडाच्या निवडीत होते. नदी-ओढ्यातले गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर असतात. परंतु त्यांच्या बारीक भेगांत पाणी मुरलेले असते. आचेने त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि गोटा मोठा आवाज करून फुटतो. त्याच्या धारदार कपच्या जवळ बसलेल्यांच्या अंगावर उडू शकतात. म्हणून विस्तवाला लागून असलेला आतला थर भट्टीच्या अग्निविटांचा किंवा निदान पक्क्या भाजलेल्या विटांचा असावा आणि दगड बाहेरच्या बाजूला, शोभेपुरता ठेवावा. सिमेंट काँक्रीटचे ठोकळे आणि पेव्हर ब्लॉकही आत वापरू नयेत, कारण प्रखर आचेने त्यांचेही पापुद्रे सुटतात. गवंडी सवयीने दरजा सिमेंटने भरतो. आतल्या थरासाठी चिकणमाती आणि वाळू यांचा गारा वापरायला त्याला आधीच सांगून ठेवावे.

खड्ड्यात पाणी साचत असेल किंवा कडे एका बाजूला कलले असेल, तर दोष जमिनीत शोधावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टेकलेले बांधकाम हलते. ती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे आणि तळाशी 5-6 इंच जाड खडी पसरावी. ही खडीही कोरडी, खाणीतली असावी.

विस्तव धुमसत राहतो आणि पेट घेत नाही, याचे कारण अनेकदा कड्याच्या अखंडपणात असते. सगळ्या दरजा बंद केल्या, तर ज्वाळेला खालून हवा मिळत नाही. सर्वांत खालच्या थरात तीन-चार ठिकाणी अर्ध्या विटेएवढी फट सोडली, तर हा त्रास बराच कमी होतो.

धूर मात्र निव्वळ बांधणीने जात नाही. थंडीच्या निरभ्र संध्याकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर वर न चढता तिथेच रेंगाळतो. जागा ठरवण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी तिथे उदबत्ती लावून तिचा धूर घराकडे जातो की शेजाऱ्यांच्या खिडकीकडे, हे पाहावे. घरापासून निदान 10 फूट अंतर हवेच. कडब्याची गंजी किंवा वाळलेले गवत जवळ असेल, तर त्याहून पुष्कळ अधिक. वर झाडाची फांदी किंवा विजेची तार नसावी.

धुराचे खरे मूळ ओल्या सरपणात असते. पावसाळ्यात तोडलेले लाकूड दिवाळीपर्यंत वाळत नाही. ओंडके फोडून, वारा खेळेल अशा छपराखाली किमान सहा महिने ठेवावे लागतात. वाळलेल्या ढलप्याच्या टोकाला भेगा दिसतात आणि दोन ढलपे एकमेकांवर आपटले, की टणक आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द असतो. बाभळीचे निखारे दीर्घकाळ टिकतात, म्हणून ती शेकोटीला उत्तम. कण्हेरीच्या फांद्या चुकूनही टाकू नयेत, कारण तिचा धूरही विषारी असतो. रंगवलेले फर्निचर, प्लायवूड आणि टायरचे तुकडे यांनाही तिथे थारा देऊ नये. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून शेकोटी पेटवणे तर निव्वळ अविचार आहे.

शेकोटी विझवताना तापलेल्या विटांवर बादलीभर पाणी ओतले, तर त्या तडकतात. नुसती माती लोटणेही पुरेसे नाही, कारण मातीखाली निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतात. निखारे मध्यभागी ओढून, त्यांच्यावर थोडेथोडे पाणी शिंपडत राख काठीने ढवळावी आणि हाताला धग लागेनाशी होईपर्यंत ते करत राहावे. उरलेले निखारे घमेल्यात घालून झोपायच्या खोलीत नेण्याची सवय मात्र पूर्णपणे सोडली पाहिजे: बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.