प्रयोगशील माहितीपटाकडे वळताय? आधी प्रेक्षकाची जागा ठरवा

पुण्यात माहितीपट किंवा व्हिडिओ आर्ट (कलादालनात मांडायचं व्हिडिओचं काम) करू पाहणारी मुलं-मुली भेटली की बहुतेक वेळा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. मला वाटतं, पहिला प्रश्न वेगळा हवा. हे काम बघणारा माणूस कुठे असणार आहे? अंधाऱ्या सभागृहात खुर्चीवर, की कलादालनात, मधूनच आलेला आणि मनाला येईल तेव्हा निघून जाणारा? चित्रीकरण, ध्वनी, संकलन आणि पैशांचं गणितसुद्धा त्यावरून ठरतं.

कसबा पेठेतल्या तांबट आळीवर मी दोन्ही प्रकारे काम केलं. तिथे तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोकून घडवण्याचं काम, चालतं. एका घरातले हातोडीचे ठोके शेजारच्या ठोक्यांत मिसळतात, मधेच एका लयीत येतात, पुन्हा सुटतात. सभागृहासाठी संकलन करताना मी पत्र्यापासून तयार भांड्यापर्यंतचा क्रम धरला. प्रेक्षक पहिल्या फ्रेमपासून सोबत असतो, त्याला पुढे काय होतंय हे हवं असतं. तेच फूटेज दालनात दोन पडद्यांवर मांडताना तो क्रम काही कामाचा नव्हता. तिथे कुठल्याही मिनिटाला आत आलेल्याच्या हाती काम लागलं पाहिजे. म्हणून एका पडद्यावर फक्त हात ठेवले, दुसऱ्यावर चेहरे, आणि दोन्ही लूपची, म्हणजे संपताच पुन्हा सुरू होणाऱ्या चित्रफितींची, लांबी मुद्दाम वेगळी ठेवली. त्यामुळे हात आणि चेहऱ्यांच्या जोड्या सतत बदलत राहतात. संकलक म्हणून मला हा भाग सर्वांत आनंदाचा वाटतो. अर्थाची जुळणी तिथे माझ्या हातून निसटते आणि बघणाऱ्याकडे जाते.

ध्वनीचं मात्र दालनात फार जपावं लागतं. ठोक्यांचा आवाज शेजारी लावलेल्या दुसऱ्याच्या कामावर जातो. हेडफोन दिले तर तो कानात राहतो, अंगावर येत नाही. आम्ही जाड पडदे लावले आणि स्पीकर कमी आवाजात, पण बघणाऱ्याच्या अगदी जवळ ठेवले. हे शक्य झालं, कारण चित्रीकरणाच्या वेळी जवळचा ठोका आणि लांबून येणारा आळीचा आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले होते. प्रत्येक जागी कोणीही न बोलता मिनिटभराचा रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता आवाज, घ्याच. आणखी एक: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे किंवा थरथर दिसू शकते आणि नंतर ती काढणं जिकिरीचं होतं.

शिकायचं कुठे? सभागृहाची परंपरा पुण्यात घट्ट आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रयोगशील दिग्दर्शक मणी कौल तिथेच शिकले. दिग्दर्शिका पायल कपाडिया तिथल्याच, त्यांना २०२१ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. प्रवेश मिळाला तर उत्तमच, पण नाही मिळाला म्हणून थांबू नका. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. तिथले खेळ बघा, चित्रपट रसास्वाद शिबिर करा. १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी माहितीपट संस्थेचे जुने अनुबोधपट जरूर शोधा. सरकारी पैशातून तिथल्या प्रमोद पतींसारख्या दिग्दर्शकानं १९६०च्या दशकात चित्र आणि ध्वनी यांच्याशी किती मोकळेपणानं खेळ केला, हे बघून आजही हुरूप येतो.

दालनाची वाट बरीचशी चित्रकारांकडून आली आहे. नलिनी मलानी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या आणि पुढे व्हिडिओकडे वळल्या. पुण्यात या बाजूची दालनं आणि खरेदीदार कमी आहेत, त्यासाठी मुंबईला काळा घोडा, कुलाबा भागात जावंच लागतं. पण इथे अभिनव कला महाविद्यालयाच्या मुलांशी मैत्री करा. पडदा भिंतीवर किती उंचीवर हवा, त्याच्यापुढे किती रिकामी जागा हवी, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. पहिली काही वर्षं इतरांच्या फिल्मचं संकलन, संस्थांसाठी छोटे माहितीपट, शिकवणं, यावरच घर चालतं. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था अनुदान देतात, अर्ज करत राहा. महोत्सवातून निवड आणि ओळखी मिळतात, पैसे क्वचित. दालनात व्हिडिओ मर्यादित प्रतींत विकला जातो, बहुधा तीन किंवा पाच. प्रत्येक प्रतीबरोबर सही केलेलं प्रमाणपत्र द्यायचं आणि पडद्याचा आकार, लूप, आवाजाची पातळी हे सगळं लिहून द्यायचं.

विक्रीचा विचार असेल तर चित्रित केलेल्या माणसांशी आधीच बोला. महोत्सवात दाखवायला दिलेला होकार आणि प्रती विकायला दिलेला होकार वेगळे असतात. तांबट आळीतल्या कारागिरांना मी दोन्ही गोष्टी मराठीत, साध्या शब्दांत, दोन स्वतंत्र कागदांवर लिहून दिल्या. प्रत विकली गेली तर त्यातला त्यांचा वाटा किती, हेही दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं. एका घरानं पहिल्यावर सही केली, दुसऱ्यावर केली नाही. त्यांचे चेहरे दालनातल्या कामात घेतले नाहीत.