लॅपटॉप परत करण्याआधी
जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार जणांना नारळ दिला, तेव्हा अनेकांचं कंपनीचं लॉगिन रातोरात बंद झालं. म्हणून कपातीची कुणकुण लागली की घरच्या वहीत लिहून काढा: कोणत्या प्रोजेक्टवर काय केलं, किती वेळ वाचवला, किती सर्व्हर कमी केले. हे आकडे नंतर आठवत नाहीत. कंपनीचा कोड मात्र स्वतःला मेल करू नका, नसती आफत. पगाराच्या स्लिपा आणि मॅनेजरचा खासगी नंबर तेवढा घ्या.

मग जुन्या सहकाऱ्यांना मेसेज. ‘कुठे काही असेल तर सांग रे’ याला उत्तर सहसा येत नाही. बिचारा शोधणार तरी काय? त्याच्या कंपनीतली जागा तुम्हीच शोधा आणि जॉब आयडी, तीन ओळींची ओळख, रेझ्युमे एकदमच पाठवा. त्याला फक्त पोर्टलवर चिकटवायचं उरतं. स्वतः अर्ज भरण्याआधी हे करा. आधीच भरलेल्या अर्जाला बऱ्याच ठिकाणी रेफरल, म्हणजे आतल्या माणसाची शिफारस, जोडता येत नाही.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हिशेब वेगळा: नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ (तिथे राहण्याच्या मुदतीची सरकारी नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. या मुदतीत नव्या कंपनीने तुमच्यासाठी एच-१बीचा अर्ज दाखल करायला हवा. मंजुरी मागाहून आली तरी चालते.