ऑक्टेव्ह आणि मॅटलॅब: एकच फाइल दोन्हीकडे चालवताना या चुका टाळा

कॉलेजच्या लॅबमध्ये मॅटलॅब हे गणिती आकडेमोडीचे विकतचे सॉफ्टवेअर, घरच्या लॅपटॉपवर त्याचा फुकट पर्याय ऑक्टेव्ह आणि दोन्हींत ये-जा करणारी एकच .एम फाइल, म्हणजे तुमचा प्रोग्राम. हे जमतेही, कारण मॅटलॅबचा कोड जसाच्या तसा चालावा हे ऑक्टेव्हचे जाहीर धोरणच आहे. पण 'चालावा' आणि 'तेच उत्तर द्यावे' यांत फरक आहे. एरर आली तर ती निदान कुठे बिघडले ते सांगते. फाइल मुकाट चालून चुकीचा आकडा देते, तेव्हा तो आकडा थेट रिपोर्टात जाऊन बसतो. म्हणून मुकाट्याने फसवणाऱ्या चुका आधी घेऊ, ओरडणाऱ्या नंतर.

(आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे, आणि वेगळे सांगितले नसेल तर लहान.)

दुहेरी अवतरणचिन्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ऑक्टेव्हमध्ये "..." म्हणजे साधी अक्षरांची रांग, कॅरेक्टर ॲरे. मॅटलॅबमध्ये आर2017ए (2017 ची पहिली आवृत्ती) पासून "..." म्हणजे स्ट्रिंग नावाचा वेगळाच प्रकार. परिणाम पाहा:

"5" + 1 → मॅटलॅब "51" देते, ऑक्टेव्ह 54 देते (5 या अक्षराचा आस्की कोड 53, त्यात 1 मिळवला).
लेंग्थ("2024") → मॅटलॅब 1, ऑक्टेव्ह 4.
"12" == "123" → मॅटलॅब सरळ 0 म्हणते; ऑक्टेव्ह मापे जुळत नाहीत म्हणून एरर देते.

शिवाय "\n" ऑक्टेव्हमध्ये खरोखरची नवी ओळ असते, मॅटलॅबमध्ये ती नुसती दोन अक्षरे. उपाय सोपा आहे: सगळीकडे एकेरी '...' वापरा, तुलना एसटीआरसीएमपी ने करा, जोडणी चौकटी कंसाने करा आणि नवी ओळ हवी तिथे एसप्रिंटएफ('\n') किंवा कॅर(10) लिहा. जुन्या फाइलमध्ये शोधा-बदला करताना मात्र डोळे उघडे ठेवा. एकेरी चिन्ह ट्रान्सपोजसाठीही (रांगांचे स्तंभ करण्यासाठी) असते, आणि मजकुराच्या आत एकेरी चिन्ह आले तर ते दोनदा लिहावे लागते.

एलएसओडीई आणि ओडीई45 मधली उलटी वितर्कक्रमवारी

ऑक्टेव्हची कल्पना मुळात रासायनिक अभिक्रिया-पात्रांच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून निघाली, आणि तिचे नावही केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांच्यावरून पडले. त्यामुळे अवकल समीकरणे सोडवणारे एलएसओडीई तिच्यात पहिल्यापासून आहे. मॅटलॅबमध्ये ते नाही, तिथे ओडीई45. एलएसओडीई ला फंक्शन लागते एफ(एक्स, टी) असे, ओडीई45 ला एफ(टी, एक्स) असे.

समजा पहिल्या कोटीची अभिक्रिया आहे: वेगाचा स्थिरांक 0.5, सुरुवातीची संहती 1. ओडीई45 साठी लिहिलेले फंक्शन तसेच उचलून एलएसओडीई ला दिले, तर एकच चल असल्यामुळे मापाची एरर येणारच नाही. प्रोग्राम संहतीच्या जागी वेळ घालून गणित करत राहील. टी = 2 ला खरे उत्तर सुमारे 0.368 आहे, तुम्हाला मिळेल 0. 'अभिक्रिया पूर्ण झाली' असा निष्कर्ष काढून मोकळे! दोन किंवा जास्त चले असतील तर बहुतेकदा एरर येऊन तुम्ही वाचता. धोका आहे तो सोप्या गणितात.

दोन्हीकडे चालवायचे असेल तर एलएसओडीई सोडा आणि ओडीई45 च वापरा. आरईएलटीओएल आणि एबीएसटीओएल (चुकीच्या सापेक्ष आणि निरपेक्ष मर्यादा) ओडीईसेट ने स्वतः लिहून द्या. वेळ नुसता [0 10] असा देऊ नका, तर लिनस्पेस ने ठरावीक बिंदूंची यादी द्या. नाहीतर दोन्हीकडची उत्तरे वेगवेगळ्या क्षणांची येतील, त्यांची लांबीही जुळणार नाही आणि तुलना कशाशी करायची हाच प्रश्न पडेल.

सायलॅबलाही त्याच माळेत ओवणे

मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत सायलॅब पोचले. 'मॅटलॅबचा फुकट पर्याय' म्हणून ऑक्टेव्ह आणि सायलॅब या दोन्हींचे नाव एका दमात घेतले जाते, पण सायलॅब ही स्वतंत्र भाषा आहे. तिथे टिप्पणी // ने सुरू होते आणि % हे चिन्ह पाय, आय अशा स्थिरांकांच्या नावांपुढे लागते. तुमच्या % टिप्पण्यांवर ती अडखळते, ते बरेच म्हणायचे. वाईट आहे ते सम. [1 2; 3 4] वर सम चालवले तर मॅटलॅब-ऑक्टेव्ह स्तंभांची बेरीज [4 6] देतात आणि सायलॅब सगळ्यांची मिळून 10. मीन आणि मॅक्स यांचेही तसेच. सम(ए, 1) असे दिशा सांगून लिहिले की तिघांचे उत्तर एक येते.

आडवा वजा उभा

1×5 च्या आडव्या रांगेतून 5×1 चा उभा स्तंभ वजा केला तर 5×5 चा तक्ता तयार होतो. ऑक्टेव्ह हे 3.6 पासून (2012) करते, मॅटलॅब आर2016बी पासून. त्याहून जुने मॅटलॅब असलेल्या संगणकावर तीच ओळ एरर देते. लोक त्या जुन्या मॅटलॅबला नावे ठेवतात, पण बरेचदा त्याचेच बरोबर असते: तुम्हाला तक्ता नकोच होता, पाच फरक हवे होते. वजाबाकीआधी एक्स(:) आणि वाय(:) करून दोन्ही उभे करा. तक्ता खरोखर हवा असेल तर बीएसएक्सफन लिहा. ते नव्या-जुन्या सगळीकडे चालते.

ऑक्टेव्हने लावलेल्या सवयी

इथून पुढच्या चुका ओरडतात. ऑक्टेव्हवर शिकलेल्याची फाइल मॅटलॅबमध्ये पहिल्या दहा ओळींतच थांबते ती बहुधा यांमुळे: # ने केलेली टिप्पणी (% हवे), != (~= हवे), एक्स += 1, एक्स++, एंडइफ किंवा एंडफॉर (नुसते एंड हवे), प्रिंटएफ (एफप्रिंटएफ हवे, ते ऑक्टेव्हलाही चालते) आणि साइझ(ए)(1) अशी कंसावर कंस चढवलेली रचना. शेवटच्या ठिकाणी साइझ(ए, 1) लिहा, किंवा आधी उत्तर एका चलात ठेवून मग त्यातला घटक काढा.

डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा ऑक्टेव्हलाच कामाला लावा. फाइल चालवण्याआधी ही आज्ञा द्या: वॉर्निंग('ऑन', 'ऑक्टेव्ह:लँग्वेज-एक्स्टेन्शन'). ऑक्टेव्हमधला पहिला ओ मोठा. आता फाइल वाचतानाच मॅटलॅबबाहेरच्या वाक्यरचनेवर इशारे येतात. प्रिंटएफ सारखी नावे यात सापडत नाहीत, कारण ते फंक्शन आहे, वाक्यरचना नव्हे. ती वेगळी शोधा.

फंक्शन कुठे लिहायचे

मॅटलॅबमध्ये स्क्रिप्टच्या आत फंक्शन लिहायची सोय आर2016बी पासून आली, तीही आर2024ए येईपर्यंत फक्त फाइलच्या शेवटी. ऑक्टेव्ह फाइल वरून खाली चालवते, त्यामुळे वापरण्याआधी फंक्शन येऊन गेलेले असावे लागते. शिवाय फाइलची सुरुवातच फंक्शनने झाली तर ऑक्टेव्ह तिला स्क्रिप्ट न मानता फंक्शन-फाइल मानते, म्हणून वर 1; लिहायची पद्धत पडली. या दोन नियमांचा मेळ घालत बसू नका. प्रत्येक फंक्शन त्याच्याच नावाच्या वेगळ्या .एम फाइलमध्ये ठेवा, म्हणजे वादच मिटला.

पॅकेज आणि टूलबॉक्स

बटर (सिग्नलसाठी फिल्टर बनवणारे फंक्शन) वापरल्यावर 'बटर अनडिफाइन्ड' अशी एरर आली की ऑक्टेव्हमध्ये ते फंक्शनच नाही असे समजू नका. पॅकेज बसवलेले असले तरी प्रत्येक सत्रात पीकेजी लोड सिग्नल म्हणावे लागते. मॅटलॅबला मात्र पीकेजी कळत नाही, म्हणून ती ओळ अटीत घाला: जर एक्झिस्ट('ऑक्टेव्ह_व्हर्जन', 'बिल्टइन') शून्य नसेल तरच लोड करा. हे ऑक्टेव्ह_व्हर्जन पूर्ण मोठ्या लिपीत.

उलटेही होते. समीकरणे सोडवणारे एफसॉल्व्ह ऑक्टेव्हच्या गाभ्यातच आहे. मॅटलॅबमध्ये त्यासाठी ऑप्टिमायझेशन टूलबॉक्सचा परवाना लागतो. तुमच्याकडे फुकट चाललेली फाइल समोरच्याच्या विकत घेतलेल्या मॅटलॅबवर अडते ती यामुळे.

डेटाची देवाणघेवाण

ऑक्टेव्हचे सेव्ह काही न सांगता स्वतःच्या मजकूर-स्वरूपात लिहिते. फाइलला .मॅट नाव दिले तरी मॅटलॅबला ती वाचता येत नाही. दोन्हीकडे '-व्ही7' हा पर्याय द्या. मॅटलॅबमध्ये 2 जीबीहून मोठ्या चलासाठी '-व्ही7.3' लागते, तशी फाइल ऑक्टेव्हकडे पाठवण्याऐवजी डेटाचे तुकडे करा. टेबल, डेटटाइम आणि स्ट्रिंग हे प्रकार मूळ ऑक्टेव्हमध्ये नाहीत. पाठवण्याआधी त्यांचे स्ट्रक्ट, साधे आकडे किंवा सीएसव्ही करा. .एमएलएक्स लाइव्ह स्क्रिप्टही आधी .एम म्हणून सेव्ह करून घ्या. सिम्युलिंक या मॅटलॅबच्या आकृत्यांनी मॉडेल बनवायच्या साधनाला ऑक्टेव्हमध्ये पर्याय नाही.

शेवटचे अंक जुळत नाहीत

आकडेमोडीसाठी मॅटलॅब साधारणपणे इंटेलची एमकेएल ही लायब्ररी वापरते, ऑक्टेव्ह बहुधा ओपनब्लास. बेरजेचा क्रम बदलला की पंधराव्या-सोळाव्या अंकात फरक पडतो. तो दोष नव्हे. दोन उत्तरे == ने ताडू नका. फरकाचे सर्वांत मोठे केवल मूल्य काढा, मूळ आकड्यांच्या सर्वांत मोठ्या केवल मूल्याने भागा आणि ते 1ई-10 च्या आत आहे का पाहा. आयगेन सदिशांची चिन्हे उलटी आली तर आधी ए×व्ही आणि लॅम्डा×व्ही (ए मूळ तक्ता, व्ही तो सदिश, लॅम्डा त्याचे आयगेन मूल्य) सारखे येतात का ते तपासा. येत असतील तर दोन्ही उत्तरे बरोबर.

यादृच्छिक आकड्यांचे बीज दोन्हीकडे 42 ठेवले म्हणून आकडेही तेच येतील असे धरू नका. एकीकडे तयार करून फाइलने दुसरीकडे न्या.

आणि आलेखावर मराठी शीर्षक देणाऱ्यांसाठी: लेंग्थ('मराठी') मॅटलॅबमध्ये 5 येते, ऑक्टेव्हमध्ये 15, कारण ऑक्टेव्ह यूटीएफ-8 चे बाइट मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. पहिली दोन अक्षरे काढायला (1:2) लिहिले, तर ऑक्टेव्हमध्ये 'म' सुद्धा अख्खा हाती लागत नाही.